मुलांच्या वाय-फायवर ताबा हवा असेल तर राउटर कसा निवडावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात टू बीएचके फ्लॅट, २०० एमबीपीएसचं फायबर आणि कंपनीने बसवून दिलेला वाय-फायचा डबा. घरात चौदा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी, आजी-आजोबा आणि घरून काम करणारे आई-बाबा. रात्री दहानंतर मुलांचं इंटरनेट बंद व्हावं, नको त्या साइट उघडू नयेत, पाहुण्यांना वेगळा पासवर्ड देता यावा आणि ऑफिसचा लॅपटॉप या सगळ्यापासून बाजूला राहावा, एवढी अपेक्षा. डब्यातल्या पॅरेंटल कंट्रोलमध्ये मुलाचा फोन टाकला होता, दोन दिवस नीट चाललं, मग फोन रात्री पुन्हा ऑनलाइन दिसायला लागला. आता राउटर कोणता घ्यावा?

मॉडेलकडे नंतर येऊ. दुकानात जाण्याआधी एक निकष पक्का करा: मुलांसाठी वेगळ्या नावाचं आणि वेगळ्या पासवर्डचं वाय-फाय काढता आलं पाहिजे, आणि वेळापत्रक, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) हे सगळं त्या नावाला लावता आलं पाहिजे. एकेका फोनला नियम लावत बसणारा राउटर आजच्या फोनपुढे टिकत नाही. तुमच्याकडे नेमकं तेच झालं आहे.

कारण असं की राउटर फोनला ओळखतो प्रत्येक यंत्राच्या ओळखक्रमांकावरून, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसवरून. पूर्वी हा पत्ता कारखान्यात ठरायचा आणि सहसा बदलत नसे. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक वाय-फायला आपला खरा पत्ता न देता बनावट पत्ता देतात. हेतू चांगला आहे, मॉलमध्ये किंवा स्टेशनवर कोणी फोनचा माग काढू नये म्हणून. पण मुलाने वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘रँडम मॅक’ऐवजी ‘फोनचा मॅक’ निवडला, की राउटरच्या दृष्टीने घरात एक नवाच फोन आला. तुमचा नियम जुन्या पत्त्यावर लागलेला आहे आणि नव्याला काहीच बंधन नाही. आयफोनवर आयओएस १८ पासून तर हा पत्ता ठरावीक काळाने आपोआप बदलत राहण्याचीही सोय आहे. बनावट पत्ता ओळखायची खूण सोपी आहे: पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यातला नव्हे. राउटरमधल्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत असे पत्ते किती आहेत ते आज रात्रीच पाहा.

म्हणून ‘या-या फोनला बंदी’ अशी काळी यादी हा प्रकारच सोडून द्या. सोसायटीच्या वॉचमनला ‘अमुक माणसाला सोडू नको’ सांगण्यापेक्षा ‘रजिस्टरात नाव नसेल त्याला सोडू नको’ सांगणं जास्त भरवशाचं, तसंच इथे. राउटरमध्ये याला व्हाइटलिस्ट म्हणतात. मोठ्यांच्या वाय-फायवर फक्त नोंदवलेली उपकरणं चालतील, बाकी सगळी मुलांच्या नाहीतर पाहुण्यांच्या वाय-फायवर. मग मुलाने पत्ता कितीदाही बदलला तरी तो मुलांच्याच नेटवर्कमध्ये राहतो, कारण त्याच्याकडे पासवर्डच तेवढा आहे.

पासवर्ड फुटण्याची वाट मात्र लक्षात ठेवा. अँड्रॉइड १० पासून जोडलेल्या वाय-फायचा क्यूआर कोड फोनवर दाखवता येतो आणि त्याखाली बहुतेक फोनवर पासवर्डही लिहिलेला असतो. आजीच्या फोनचा पॅटर्न नातवाला ठाऊक असतोच. तेव्हा मुलं ज्या फोनला हात लावतात तो फोन, मग तो आजीचा का असेना, मुलांच्या वाय-फायवर ठेवा. आजीचं भजन-कीर्तन रात्री साडेदहाला अडत असेल तर आधी तिच्या फोनचा पॅटर्न बदला, मग तो पाहुण्यांच्या नेटवर्कवर टाका, पण मोठ्यांच्या नेटवर्कवर नको.

आता राउटर कुठे जोडायचा, हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. कंपनीचा डबा हा स्वतःच राउटर असतो आणि त्याच्या बुडाशी चिकटवलेल्या स्टिकरवर त्याच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. नवा राउटर त्याच्या मागे लावला आणि डब्याचं वाय-फाय चालूच ठेवलं, तर मुलगा स्टिकर वाचून थेट डब्याला जोडला जाईल आणि नव्या राउटरला त्याचा पत्ताही लागणार नाही. डब्याच्या रिकाम्या लॅन पोर्टात वायर खोचली तरी तेच. म्हणून पहिलं काम: कंपनीला फोन करून डबा ब्रिज मोडवर टाकायला सांगा. मग डबा फक्त फायबरचा सिग्नल पुढे देतो आणि सगळा कारभार तुमच्या राउटरकडे येतो. त्यांच्याकडून पीपीपीओईचं (म्हणजे इंटरनेटला लॉगिन करण्याचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक (लाइनीवरच्या वाहतुकीला दिलेला क्रमांक) असेल तर तो लिहून घ्या, नाहीतर नवा राउटर रात्रभर ‘कनेक्टिंग’ दाखवत बसतो. लँडलाइन किंवा टीव्हीची सेवा त्याच डब्यातून असेल तर ब्रिज केल्यावर ती चालू राहील का, हेही त्याच फोनवर विचारा.

काही कंपन्या ब्रिज मोड देत नाहीत. हरकत नाही. डब्याचं २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही वाय-फाय बंद करा, त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, एकच वायर तुमच्या राउटरच्या वॅन पोर्टात (इंटरनेट आत येण्याच्या खोबणीत) द्या. दोन्हीकडचे पत्ते एकाच मालिकेत नसावेत: डबा १९२.१६८.१.१ वर असेल तर तुमचा राउटर १९२.१६८.५०.१ वर ठेवा, नाहीतर वेबपेज उघडणार नाहीत आणि कारण सापडणार नाही. यात दुहेरी नॅट होतं, म्हणजे डबा आणि राउटर दोघेही पत्ते बदलून वाहतूक पुढे पाठवतात. त्याचा त्रास होतो तो काही ऑनलाइन गेमना आणि बाहेरून घरचा कॅमेरा थेट उघडणाऱ्यांना. व्हिडिओ कॉल, ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जाणारा कुलूपबंद रस्ता), यूट्यूब यांना सहसा काही होत नाही.

एक चूक हटकून होते. दुकानदार किंवा केबलवाला नवा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर लावून देतो, कारण ते दोन मिनिटांत होतं. त्या मोडमध्ये राउटर फक्त वाय-फाय फेकतो. वाहतूक त्याच्या फायरवॉलमधून (ये-जा अडवणाऱ्या भागातून) जातच नाही, त्यामुळे बहुतेक मॉडेलांत पॅरेंटल कंट्रोलचा मेनूच गायब होतो आणि पाहुण्यांचं नेटवर्कही घरच्या नेटवर्कपासून वेगळं राहीलच असं नसतं. राउटर मोडवरच लावून घ्या. तसंच लांबच्या खोलीसाठी लावलेले स्वस्त रिपीटर काढून टाका. बरेच रिपीटर मागच्या सगळ्या फोनना आपलाच मॅक पत्ता चिकटवतात, मग राउटरला मुलाचा टॅब आणि बाबांचा फोन सारखाच दिसतो. आरसीसीच्या भिंतींमुळे दुसरं युनिट लागणारच असेल तर मूळ राउटरच्याच कंपनीचं आणि त्याच मेश (अनेक युनिट मिळून एकच वाय-फाय) प्रकारातलं घ्या, शक्य तर मधे लॅन वायर टाकून.

वेळापत्रकाबद्दल. ‘शेड्यूल’ हा शब्द खोक्यावर छापलेला असतो, पण त्याचे तीन वेगळे अर्थ होतात. काही राउटर रात्री अख्खं वाय-फायच बंद करतात, मग आई-बाबांचंही गेलं. काही एका उपकरणाचं इंटरनेट तोडतात. आणि चांगले राउटर एका वाय-फाय नावाला वेळ लावू देतात. तुम्हाला तिसरं हवं आहे. त्यात ते नावच दहा वाजता हवेतून नाहीसं होतं, त्यामुळे चालू असलेली जोडणीही तुटते. फायरवॉलच्या नियमाने वेळ पाळणाऱ्या राउटरमध्ये एक भोक राहू शकतं: नियम फक्त नव्या जोडण्या अडवतो आणि दहाच्या आधी सुरू झालेला गेम किंवा कॉल अकरापर्यंत चालू राहतो. व्हिडिओ मिनिटभर पुढे चालला तर तो फोनमध्ये आधीच उतरलेला भाग असतो, त्याची काळजी नको. पंधरा मिनिटांनी गेम चालू असेल तर राउटर चालू जोडण्या तोडत नाही असं समजा.

मध्यरात्र ओलांडणारी वेळ नीट भरा. काही राउटर रात्री १० ते सकाळी ६ हे एका ओळीत घेतच नाहीत. २२:०० ते २३:५९ आणि ००:०० ते ०६:०० अशा दोन ओळी कराव्या लागतात. तेव्हा वारही सरकतो. शुक्रवार रात्रीचा दुसरा तुकडा शनिवारच्या खात्यात टाकावा लागतो, आणि हे राहून गेलं की ‘शनिवारी पहाटे चालतंच कसं’ असं कोडं पडतं. टाइम झोन +५:३० निवडा. स्वस्त राउटरमध्ये घड्याळाला बॅटरी नसते, वीज जाऊन आली की तारीख मागे जाते आणि इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत नियम चुकीच्या वेळेवर चालतात किंवा चालतच नाहीत. म्हणून एनटीपी सर्व्हर (इंटरनेटवरून वेळ देणारा) भरलेला आहे ना ते पाहा. बारा व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस लावला तर हा प्रश्न जवळपास उरत नाही. घेताना राउटर आणि डबा दोघांच्या अ‍ॅडॉप्टरवरचे अँपिअर बेरीज करून पाहा.

साइट अडवण्याच्या बाबतीत जुने राउटर आज निकामी आहेत. त्यातलं ‘यूआरएल की-वर्ड ब्लॉक’ साध्या एचटीटीपीच्या काळातलं. आता जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर असल्याने राउटरला पानाचा पत्ता वाचताच येत नाही. घरगुती पातळीवर काम करतं ते डीएनएस गाळणं: साइटच्या नावाचा आयपी पत्ता विचारला जातो तिथेच नकार द्यायचा. क्लाउडफ्लेअरची कुटुंबांसाठीची डीएनएस सेवा १.१.१.३ आणि १.०.०.३ या पत्त्यांवर फुकट आहे, ती अश्लील आणि घातक साइट गाळते. ओपनडीएनएसची फॅमिली शील्ड २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३ वर आहे. राउटर निवडताना विचारायचा प्रश्न हा की मुलांच्या नेटवर्कला वेगळं डीएनएस देता येतं का, की अख्ख्या घराला एकच. ऑफिसच्या लॅपटॉपला गाळलेलं डीएनएस लागलं तर एखादी कामाची साइट नेमकी मीटिंगच्या वेळी अडते.

डीएनएस नुसतं देऊन भागत नाही, ते चुकवण्याच्या वाटाही बंद कराव्या लागतात. चौदा वर्षांच्या मुलाला त्या वर्गातूनच कळतात.

पहिली वाट, फोनमध्ये हाताने ८.८.८.८ हे गूगलचं डीएनएस भरणं. यासाठी राउटरने ५३ पोर्टवरची (हा पोर्ट म्हणजे वायरीची खोबण नव्हे, डीएनएससाठी ठरलेला क्रमांक) प्रत्येक विचारणा, ती कुठेही निघालेली असो, स्वतःकडे वळवून घ्यायला हवी. ही सोय असलेला राउटर घ्या. दुसरी वाट अँड्रॉइड ९ पासूनचा ‘प्रायव्हेट डीएनएस’. तो ८५३ पोर्ट वापरतो, आणि मुलांच्या नेटवर्कवरून ८५३ बंद केला की सर्व्हरचं नाव हाताने भरलेल्या फोनवर काहीच उघडत नाही; सेटिंग पुन्हा ऑटोमॅटिकवर आणावीच लागते. गूगल आणि क्लाउडफ्लेअरच्या डीएनएससाठी नवे अँड्रॉइड फोन ४४३ पोर्टही वापरू शकतात, म्हणून ८.८.८.८, ८.८.४.४, १.१.१.१ आणि १.०.०.१ हे चार पत्ते मुलांच्या नेटवर्कवरून सरळ अडवा. आयक्लाउड प्रायव्हेट रिले (सफारीची वाहतूक झाकून नेणारी अ‍ॅपलची सोय) वापरणाऱ्या आयफोनसाठी ‘मास्क डॉट आयक्लाउड डॉट कॉम’ आणि ‘मास्क-एचटू डॉट आयक्लाउड डॉट कॉम’ ही दोन नावं डीएनएसमध्ये नाकारली की फोन स्वतःच सांगतो की या नेटवर्कवर रिले चालत नाही.

तिसरी वाट आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४. भारतात बऱ्याच कंपन्या फायबरवर आयपीव्ही६ देतात, आणि यूट्यूब, गूगल, इन्स्टाग्राम त्यावरून बिनदिक्कत चालतात. अनेक राउटरांचं पॅरेंटल कंट्रोल मात्र फक्त आयपीव्ही४ बघतं. परिणाम असा की नियम लावलेला दिसतो, काही साइट अडतात, पण यूट्यूब चालू. वरचे चार पत्ते अडवलेत तर त्यांचे आयपीव्ही६ जोडीदारही अडवावे लागतात. राउटरमध्ये आयपीव्ही६ ची फायरवॉल आणि डीएनएस दोन्ही नीट नसतील तर मुलांच्या नेटवर्कपुरतं आयपीव्ही६ बंद ठेवा; रोजच्या वापरात काही अडत नाही.

व्हीपीएन अ‍ॅप (सगळी वाहतूक झाकून नेणारं) हा राउटरने पूर्ण अडवण्याचा विषय नाही. काही राउटर व्हीपीएनचा प्रकारच ओळखून तोडतात, पण रोज नवं अ‍ॅप येतं. ते फोनवरच थांबवा: अँड्रॉइडवर फॅमिली लिंक, आयफोनवर स्क्रीन टाइम लावून नवं अ‍ॅप घेताना पालकांची परवानगी लागेल असं ठेवा. मुलाच्या फोनमध्ये सिमचा डेटा असेल तर तसंही हेच करावं लागेल, कारण राउटरचा हुकूम वाय-फायपुरता आणि सिमवर त्याचं काही चालत नाही.

यंत्राकडे थोडक्यात पाहू. खोक्यावरचा ‘एसी १२००’ हा वेग दोन बँडची बेरीज असते, ३०० अधिक ८६७. खरी अडचण पोर्टात असते. पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील तर तुमच्या २०० एमबीपीएसपैकी जेमतेम ९५ हातात येतील, आणि असे राउटर आजही सर्रास विकले जातात. वॅन आणि लॅन दोन्ही गिगाबिट (१००० एमबीपीएस) हवेत. गाळणी आणि नियम चालू केले की बऱ्याच राउटरांत वेग वाढवणारी हार्डवेअर सोय बंद होते आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो, म्हणून दुहेरी कोअरच्या खाली जाऊ नका. त्याच नावाचं मॉडेल व्हर्जन १, २, ३ मध्ये आतून पूर्ण वेगळं असू शकतं. बुडाचं स्टिकर वाचा आणि त्याच व्हर्जनचं शेवटचं फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) कधी आलं ते कंपनीच्या सपोर्ट पानावर पाहा. दोन वर्षांत काही आलं नसेल तर तो राउटर घेऊ नका, कितीही सवलत असली तरी.

तुमच्या घरासाठी माझी पहिली पसंती असूसचा असा राउटर, ज्यात ‘गेस्ट नेटवर्क प्रो’ आहे. त्यात मुलांसाठी ‘किड्स नेटवर्क’ तयारच मिळतं, त्या नावाला वेळ लावता येते, आणि पॅरेंटल कंट्रोलसाठी वर्षाची वर्गणी भरावी लागत नाही. सगळ्या मॉडेलांत हे नाही, मॉडेलच्या पानावर ते नाव दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. घरात कोणाला सेटिंगची आवड असेल तर जीएल-आयनेट घ्या. ते ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त राउटर-सॉफ्टवेअरवर चालतं, अनेक मॉडेलांत अ‍ॅडगार्ड होम (डीएनएस गाळणारं सॉफ्टवेअर) आधीच बसवलेलं असतं, आणि वर सांगितलेली पोर्ट वळवणं, ८५३ अडवणं ही कामं त्यात नीट होतात. मिक्रोटिकमध्ये ‘किड कंट्रोल’ नावाचा भागच आहे आणि यंत्र दणकट आहे, पण ते नेटवर्कचं काम येणाऱ्यासाठी. फायरवॉल चुकली तर घर उघडं पडतं.

बजेट कमी असेल तर टीपी-लिंकच्या गिगाबिट आर्चरवरही भागतं. मुलांची उपकरणं होमशील्ड या टीपी-लिंकच्या पॅरेंटल कंट्रोलच्या प्रोफाइलमध्ये टाका आणि अ‍ॅक्सेस कंट्रोल व्हाइटलिस्टवर ठेवा. मग मुलाने मॅक बदलला तर नवा पत्ता यादीत नसल्याने जोडणीच होत नाही. घरातल्या सगळ्यांच्या फोनवर या वाय-फायपुरता खरा मॅक ठेवावा लागेल, आणि व्हाइटलिस्ट पाहुण्यांच्या नेटवर्कलाही लागते का हे तपासा. लागत असेल तर प्रत्येक पाहुण्यामागे एक नोंद. होमशील्डमधलं काय फुकट आणि काय वर्गणीवर हे मॉडेलनुसार बदलतं. कंपनीच्या साइटवर बऱ्याच मॉडेलांचं एम्युलेटर आहे, म्हणजे राउटरचा मेनू विकत न घेता ब्राउझरमध्ये उघडून पाहता येतो. अर्धा तास त्यात घालवा.

लावल्यावर डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण दाबून जोडण्याची सोय) आणि बाहेरून अ‍ॅडमिन पान उघडण्याची सोय बंद करा, यूपीएनपी (यंत्रांना स्वतःहून बाहेरची वाट उघडू देणारी सोय) गरज नसेल तर तेही. अ‍ॅडमिन पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा हवा. मुलांच्या नेटवर्कला घरातल्या इतर यंत्रांपासून तोडलं की शाळेचा प्रोजेक्ट प्रिंट होत नाही, तेव्हा प्रिंटर मुलांच्याच नेटवर्कवर ठेवा. टाचणीने दाबायचं रिसेटचं बटण दहा सेकंदांत सगळे नियम पुसतं, म्हणून सेटिंगची बॅकअप फाइल काढून ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवा आणि राउटर माळ्याच्या उंचीवर किंवा जाळीच्या दाराच्या कपाटात बसवा. पत्र्याच्या कपाटात नको, सिग्नल मरतो.

आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत मुलाच्याच फोनवर चाचणी घ्या, शक्य तर त्याला शेजारी बसवून. मॅकची सेटिंग बदलून जोडा. बंदीच्या पाच मिनिटं आधी गेम सुरू करून ठेवा. प्रायव्हेट डीएनएसमध्ये दुसरं नाव भरा. आयपीव्ही६ तपासणारं पान उघडा. राउटरची वीज दहा मिनिटं काढून पुन्हा द्या आणि बंदीच्या वेळेत तो उठल्यावर मुलांचं वाय-फाय दिसतं का पाहा. लॅपटॉपला लॅनची वायर लावून वेळापत्रक वायरवरही लागतं का तेही बघा. बहुधा लागत नाही, तेव्हा न वापरलेले लॅन पोर्ट मेनूमधून बंद करा किंवा मुलांच्या नेटवर्कला जोडून टाका. यातलं मॅक किंवा वीज यापैकी काही नापास झालं आणि सेटिंगने सुटलं नाही, तर राउटर परत करून दुसरा मागवा.